दह्यावरची टोपी

लग्न होऊन नागपूरहून भोपाळला आले, तेव्हाच्या पहिल्याच रविवारची गोष्ट. चहा झाल्यावर सासऱ्यांनी आतून विळी आणली, माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "कशात?" मला वाटलं, नव्या सुनेची परीक्षा चाललीय. मी म्हटलं, "स्वयंपाकघरात." सासूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सासरे हसले नाहीत. त्यांनी विळी उलटीपालटी करून दाखवली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "यात पातं महत्त्वाचं की पुढची खवणी? विचार करून सांग."

नवऱ्याकडे बघितलं तर तो वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेला. लहानपणापासून त्याने हे इतकं सोसलं होतं की आता दुसरं कुणीतरी सापडलं याचाच त्याला आनंद झाला असावा.

मग हळूहळू उलगडा झाला. परदेशातून जो माल येतो, त्यावर कर किती हे एका जाडजूड पुस्तकावरून ठरतं. त्याला दरपत्रक म्हणतात. पहिल्या प्रकरणात जिवंत जनावरं, शेवटच्यात जुनी चित्रं आणि पुरातन वस्तू, आणि या दोन टोकांच्या मधे माणसाने बनवलेलं झाडून सगळं. प्रत्येक वस्तूला त्यात एक जागा, एक क्रमांक. त्याला या धंद्यात हेडिंग म्हणतात. सासऱ्यांचं "कशात?" म्हणजे कुठल्या हेडिंगात. चुकीच्या हेडिंगखाली माल दाखवला की कस्टमवाले मानगूट धरतात. माझे सासरे नागपूरहून भोपाळला आले ते इथल्या विजेच्या अवजड यंत्रांच्या कारखान्यात, परदेशी मालाच्या विभागात. आयुष्यभर बाहेरून आलेली खोकी उघडून आतल्या वस्तूंची जागा ठरवत राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी क्लिअरिंग एजंटचं लायसन्स काढलं आणि आनंद नगरच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस थाटलं. लोकांचा माल कस्टममधून सोडवून द्यायचा, हा त्यांचा म्हातारपणचा उद्योग. लोक देवळात जातात, बागेत जातात. हे कस्टमचा माल उतरतो त्या डेपोत जात.

त्यांचा एकच नियम होता. माल आधी हातात, पुस्तक मग. वस्तू चाचपायची, वाकवायची, वास घ्यायचा, जमलं तर एखादा नग सुटा करून फाडायचा. पुस्तक उघडायचं ते त्यानंतर. "कागदावर सगळी गाढवं घोडे असतात," असं ते म्हणत. मला हे मनापासून पटायचं. मी रसायनशास्त्र शिकलेली, मलाही वस्तू हातात घेतल्याशिवाय चैन पडत नाही. मुलगा शाळेत जायला लागला तशी मी पुढच्या खोलीत बसायला लागले. आधी टायपिंग, मग कस्टमच्या वेबसाइटवर माहिती भरणं, मग अधिकाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं लिहिणं. शेवटी या एजंटगिरीची सरकारी परीक्षाही दिली, लेखी आणि तोंडी दोन्ही. पास झाले. सासऱ्यांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. आणि पुढच्याच आठवड्यात एका सुनावणीला मला घेऊन गेले आणि मागच्या खुर्चीत बसवलं.

सुनावणी म्हणजे कोर्ट नव्हे. साहेबांच्या टेबलासमोर बसून आपलं म्हणणं मांडायचं, एवढंच. पण या धंद्यात तीच खरी जागा. बाकी सगळी हमाली. उत्तर मी लिहिलेलं, जुन्या निर्णयांचे दाखले मी शोधलेले, आणि बोलणार ते. मी मागून कागद पुढे करायचा. ते उजवा हात नुसता मागे करत, तळवा उघडा, आणि मी त्यात बरोबर तो कागद ठेवायचा. एकदा एका साहेबांनी विचारलंसुद्धा, "मॅडम कुछ कहना चाहेंगी?" तर हेच म्हणाले, "नहीं नहीं, वो मेरे साथ हैं."

राग यायचा. खोटं कशाला बोलू, चांगलाच यायचा. मला एकदा, फक्त एकदा, त्या खुर्चीत बसून स्वतःच्या तोंडाने बोलायचं होतं. घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं की त्या म्हणत, "अगं, चाळीस वर्षं मला भाजीत मीठ किती ते सांगत आलेत, तुला काय सोडणार?" त्याने राग जायचा नाही, पण हसू यायचं. आमच्या घरात बरेच प्रश्न असेच सुटतात.

तर एका वर्षी दिवाळीच्या आधी कोलार रोडचा एक व्यापारी आला. मिठाई आणि नमकीन बनवणाऱ्यांना लागणारं सामान पुरवण्याचा त्याचा धंदा: खोकी, हातमोजे, ॲप्रन, आणि डोक्यावर घालायच्या त्या एकदा वापरून फेकायच्या टोप्या. हलवायाचा केस बर्फीत जाऊ नये म्हणून घालतात त्या. आधी तो इथल्याच कुणाकडून घ्यायचा. यंदा त्याने हिंमत करून थेट बाहेरून मागवल्या होत्या आणि पहिल्यांदाच कस्टमचं तोंड बघणार होता. माणूस इतका घाबरलेला की नमस्कार करताना दोनदा वाकला. हे मला सासूबाईंनी सांगितलं, कारण मी तेव्हा नागपूरला मावसबहिणीच्या लग्नात होते.

सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्यात औषध घालून, काळा चष्मा लावून ते आरामखुर्चीत. व्यापाऱ्याने मिठाईचा पुडा आणि टोप्यांच्या नमुन्याचं पाकीट असं दोन्ही एका पिशवीत आणलं होतं. ती पिशवी सासूबाईंनी आत नेली. घरी आलेली पिशवी आत नेणं हा त्यांचा धर्म आहे. व्यापाऱ्याने मोबाइलवर फोटो दाखवला. फोटोतल्या टोप्या घडी घातलेल्या, चपट्या, चुण्याचुण्यांच्या पट्ट्या. सासऱ्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "केसांची जाळी." आता आमच्या पुस्तकात केसांच्या जाळीची एक मोठी सोय आहे. बाकीच्या टोप्या कापडाच्या असतील तर एका हेडिंगखाली, प्लास्टिकच्या असतील तर पुढच्या. केसांची जाळी मात्र कशाचीही असो, ती कापडी टोप्यांच्याच शेजारी बसते. तिथे कर कमी. सासऱ्यांनी सगळा माल जाळी म्हणून दाखवला, मी नसताना कागद भरायला येणाऱ्या पोराला फोनवर क्रमांक सांगितला आणि डोळे मिटले.

मी परत आले, फ्रिज उघडला आणि बघतच राहिले. दह्याच्या पातेल्याला पारदर्शक टोपी. भिजवलेल्या कणकेला निळी टोपी. चिरलेल्या कांद्याला टोपी, कालच्या आमटीला टोपी. सगळ्या फ्रिजला ऑपरेशन थिएटरची कळा आलेली. सासूबाई खूश. "किती छान इलॅस्टिक आहे बघ, फटकन बसतं," म्हणाल्या. मला वाटलं, बाजारात काहीतरी नवीन निघालंय. झाकणं खरंच छान होती. मीही वापरायला लागले.

मग तो दिवस आला. हल्ली मालाचे कागद दुसऱ्याच कुठल्यातरी शहरातला, कधी न दिसणारा अधिकारी कॉम्प्युटरवर तपासतो. पण त्याने शंका काढून माल उघडून बघायला सांगितला की ते काम इथल्या डेपोत होतं. खोकी उघडली गेली. आत जाळी नव्हतीच. अर्ध्या टोप्या स्वच्छ पारदर्शक, अर्ध्या निळ्या. इथल्या साहेबांनी लिहिलं: हा सगळा माल प्लास्टिकचा आहे, जाळी म्हणून चुकीचा दाखवला आहे, यावर काय म्हणणं आहे ते सुनावणीत सांगा.

सासऱ्यांच्या इतक्या वर्षांच्या धंद्यात "चुकीचा दाखवला" हे शब्द त्यांच्यासाठी कुणी लिहिले नव्हते. त्यांनी कागद दोनदा वाचला. एकदा चष्म्यातून, एकदा चष्मा काढून.

"नमुना कुठाय?" त्यांनी विचारलं. "त्याने पाकीट दिलं होतं."

स्वयंपाकघरात पाण्याचा नळ चालू होता. तो बंद झाला.

"कसलं पाकीट?" सासूबाई बाहेर येत म्हणाल्या. "मिठाईबरोबरचं? अहो, ती भांड्यांची झाकणं होती ना?"

मी आत जाऊन दह्याचं पातेलंच उचलून आणलं. दुसरं काय करणार? टेबलावर ठेवलं. पारदर्शक टोपीच्या आतून पाण्याचे थेंब लागलेले, खाली घट्ट दही. सासरे त्याच्याकडे बघत राहिले आणि मग जे कडाडले! सासूबाई काही भिणाऱ्यातल्या नाहीत. "तुम्ही काहून ओरडून राहिले?" त्या म्हणाल्या. त्या चिडल्या की थेट नागपूरला पोचतात. "टोपी होती तर डोक्यावर घालून दाखवायची होती त्याने. मला काय स्वप्न पडणार होतं?"

"बाबा, हात लावून बघा तरी," मी म्हटलं. "ही जाळी नाहीये."

"दह्यावरची टोपी मी हातात घेणार नाही," ते म्हणाले आणि बाहेर अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालायला लागले. ते घालणं सकाळीच झालं होतं.

त्या संध्याकाळी मी माझं काम केलं. पारदर्शक टोपी धुऊन पुसून उजेडात धरली. सरळ प्लास्टिकचा पातळ कागद, भोक नाही, धागा नाही. तिच्यावर वाद घालण्यात अर्थच नव्हता. मग निळी घेतली. ती वेगळीच निघाली. गरम भातावर धरली तर वाफ आरपार गेली. कडेला फाडली तर फाटलेल्या जागी बारीक तंतू लोंबायला लागले. सासऱ्यांचं कापड तपासायचं छोटं भिंग होतं, त्यातून बघितलं तर हजारो तंतू एकमेकांत गुंतलेले आणि ठरावीक अंतरावर दाबून चिकटवलेले ठिपके. लग्नात हल्ली ज्या कापडी दिसणाऱ्या पिशव्या देतात, साड्यांना जी कव्हरं असतात, तेच हे. विणलेलं नाही, पण तंतूंचं आहे, आणि पुस्तकाच्या हिशेबी तंतूंचं ते कापड. मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळी वाजवली. असले आनंद कुणाला सांगताही येत नाहीत.

जेवताना मी विषय काढला. "बाबा, पारदर्शक सोडून देऊ. प्लास्टिक आहे, प्लास्टिक म्हणू, कर भरू. निळ्या टोप्या मात्र कापडाच्या आहेत, त्या आपण वाचवू शकतो."

"सोडून देऊ?" त्यांनी घास खाली ठेवला. "एक खोकं चुकलं म्हणून कबूल केलं की साहेब म्हणणार, यांचं सगळंच चुकलं. लढायचं तर सगळ्यासाठी लढायचं."

"पण ती जाळी नाहीये हो."

"वापर बघ ना! केस झाकते ना? मग जाळीच ती."

"केस तर पदरही झाकतो," सासूबाई पोळी वाढत म्हणाल्या. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मग मी ते बोलून टाकलं, जे इतकी वर्षं नुसतं मनात होतं. "या वेळी मला बोलू द्या. उत्तर मी लिहिलंय, कापड मी बघितलंय. मला येतं ते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आपण दार लावून निघालो की कुलूप ओढून बघतो ना, तसं. "तू मागे बस," ते म्हणाले. "कागद देत जा." नवरा म्हणाला, "आमटी छान झालीय." तेवढंच त्याच्या हातात होतं.

व्यापारी रोज फोन करायचा. "भाभीजी, दिवाली निकल जाएगी," असं म्हणायचा आणि खरोखर रडवेला व्हायचा. मी त्याला धीर द्यायची. मला कुणी द्यावा ते कळत नव्हतं. सासऱ्यांबरोबर हरायला जायचं होतं, आणि तेही मागच्या खुर्चीतून. हरणं मला चाललं असतं. पण हातात बरोबर उत्तर असताना तोंड बंद ठेवून हरायचं, याने मला त्या दिवसांत जेवण गोड लागत नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी सासऱ्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. साहेबांचं ऑफिस टी. टी. नगरच्या बाजूला, जुन्या सरकारी इमारतीत. साहेब तरुण होते, राजस्थानकडचे, बोलायला सभ्य. त्यांनी सासऱ्यांना आधी चहा विचारला. टेबलावर लाखेचं सील लावलेलं नमुन्याचं पाकीट होतं. डेपोत माल उघडला तेव्हा काढलेलं, व्यापाऱ्याची आणि साहेबांची दोघांची सही असलेलं. मी मागच्या खुर्चीत बसले. व्यापारी माझ्या शेजारी, हात जोडून. कुणी बघत नव्हतं तरी जोडून.

सासऱ्यांनी सुरुवात झकास केली. त्यांचं हिंदी कारखान्यातलं, खणखणीत. जाळीचं हेडिंग, वापर, नेहमीचे दाखले. उजवा हात मागे आला, मी कागद दिला. पुन्हा आला, पुन्हा दिला. साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सील तोडलं, पाकिटातून पारदर्शक टोपी काढली आणि सासऱ्यांच्या पुढे धरली. "सर, आप तो बहुत सीनियर हैं. आप ही देखकर बताइए, इसमें जाली कहाँ है?"

आता ती दह्यावरची टोपी नव्हती. सरकारी नमुना होता. सासऱ्यांनी ती हातात घेतली.

मला त्यांची पाठ दिसत होती आणि हात. त्यांनी टोपी दोन बोटांत चोळली. ताणली. उजेडाकडे धरली. अंगठ्याचं नख लावलं, तर नखाची पांढरी खूण उमटली. मग त्यांनी ती सावकाश गुंडाळली, नाकाशी नेली आणि परत उलगडली. साहेब वाट बघत होते. खरं सांगते, त्या वेळी मला जिंकायचंच नव्हतं. मला वाटत होतं, यांनी काहीतरी बोलावं, काहीही, नाहीतर मी त्यांच्या वतीने खोटंही बोलेन.

त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. उजवा हात मागे आला, तळवा उघडा. मी घाईघाईने पुढचा कागद त्यात ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. हात तसाच हलवला, ये म्हणून. मग खुर्ची बाजूला सरकवली. जुन्या फरशीवर तिचे पाय कर्रर्र वाजले.

"ये जाली नहीं है, सर," ते म्हणाले. "मुझसे देखने में चूक हुई. आगे का मॅडम बताएँगी. इन्होंने माल देखा है."

इतकी वर्षं ज्यासाठी रुसले होते ते समोर आल्यावर पहिला विचार आला तो हा, की आपण साडी चांगली नेसायला हवी होती. मी पुढे जाऊन त्यांच्या शेजारी बसले. पहिलं वाक्य कसंबसं निघालं. पारदर्शक टोप्या प्लास्टिकच्या आहेत, ते आम्ही मान्य करतो, त्याचा कर भरू. साहेबांनी लिहून घेतलं. मग मी निळी टोपी मागितली आणि ती हातात आल्याबरोबर माझा आवाज परत आला.

मी कड फाडून तंतू दाखवले. साहेबांना फुंकर मारून बघायला सांगितलं. ते काही ऐकणारे नव्हते. "मॅडम, ये भी तो प्लास्टिक के दाने पिघलाकर ही बनता है."

"बनता है, सर," मी म्हटलं. "आपकी शर्ट में जो पॉलिस्टर है, वो भी वैसे ही दाने से बनता है. उसको तो हम कपड़ा ही कहते हैं."

साहेबांनी स्वतःच्या बाहीकडे बघितलं. मला एकदम भीती वाटली, जरा जास्तच बोलले की काय. पण ते हसले आणि मग खरा प्रश्न विचारला. हे तंतू उष्णतेने दाबून चिकटवलेले आहेत, मग वितळून त्याचा सलग कागद झालाच की नाही? हा प्रश्न मी स्वतःला विचारला होता म्हणून बरं. मी पर्समधून भिंग काढून दिलं. "सर, ठिपके बघा. चिकटलंय फक्त तिथेच. गोधडीला टाके घालतात तसे. दोन ठिपक्यांच्या मधे तंतू मोकळेच आहेत." हे मी चक्क मराठीत बोलून गेले. साहेब भिंगाला डोळा लावून होते. सासऱ्यांनी हळूच हिंदी करून सांगितलं. गोधडीला हिंदीत काय म्हणतात ते त्यांना चटकन आठवेना, तर व्यापारी मागून म्हणाला, "गुदड़ी, साहब, गुदड़ी!" इतक्या वेळात तो एवढंच बोलला, पण मोक्याला बोलला.

साहेब बराच वेळ भिंगातून बघत होते. मग एक एक करून आम्ही जवळ नेलेले जुने निर्णय मागायला लागले. मी पिशवीकडे वळले तर सासऱ्यांनी ते आधीच काढून ठेवले होते. मी बोलत गेले आणि ते शेजारून कागद देत गेले, बरोबर तोच, बरोबर त्या वेळी. मला शोधावा लागला नाही एकही.

बाहेर आलो. समोरच्या बाजारात त्यांनी पोहे-जिलबी मागवली. मला शाबासकी हवी होती. लहान मुलीसारखी हवी होती, त्यात लपवायचं काय? त्यांनी जिलबी संपवली, रुमालाला बोटं पुसली आणि म्हणाले, "शर्टाचं जरा जास्त झालं." मग थोड्या वेळाने, "पण लागू पडलं." मी दुसरी प्लेट मागवली.

निकाल दिवाळीच्या आत आला. निळ्या टोप्या कापडात, पारदर्शक प्लास्टिकमध्ये. चूक हेतुपुरस्सर नव्हती, असं साहेबांनी आपल्या शब्दांत लिहिलं होतं. सासऱ्यांनी ते वाक्य मला मोठ्याने वाचायला लावलं. व्यापारी मिठाईचा पुडा घेऊन आला आणि त्याने सांगितलं, की अमुक अमुक हलवाई आता निळ्या टोप्या घालून लाडू वळताहेत. सासूबाईंनी पुडा घेतला, आत डोकावून नीट बघितलं आणि विचारलं, "यात आणखी काही नाही ना?"

घरात मग त्या सुनावणीबद्दल कुणी फारसं बोललं नाही. मीही विषय काढला नाही. पुढची तारीख कुणाची लागेल आणि त्या दिवशी कोण पुढे बसेल, ते मला माहीत नव्हतं. एकदा घडलं म्हणजे रीत पडली असं थोडंच असतं, असं मी स्वतःला समजावत होते, आणि बऱ्यापैकी समजलेही होते.

भाऊबीज झाल्यानंतरची एक सकाळ. मी पोळ्या लाटत होते. सासरे फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. कुणीतरी ओळखीचं गिऱ्हाईक होतं पलीकडे, सासऱ्यांचा आवाज नेहमीचा, मोठा. कसल्याशा हातमोज्यांचं चाललं होतं. बाहेरून रबर, आतून कापडाचं अस्तर, कशात घालायचे. याचं उत्तर सासऱ्यांना येत नाही असं मी मेले तरी म्हणणार नाही. ते ऐकत होते, हूं हूं करत होते. मग म्हणाले, "थांबा. विचारून सांगतो."

या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे बघितलं. लाटणं हातात, पिठाचे हात, डोळे पुसायचीही सोय नाही. मी नुसतीच त्यांच्याकडे बघत उभी.

त्यांना वाटलं, मला उत्तर येत नाही.

"घाई नाही," ते हळूच म्हणाले. "सावकाश सांग. मी फोन धरतो."